वायफाय संचावरील दूरध्वनी : जोडणी आणि निगा

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील पुष्कळ ग्रामपंचायत कार्यालयांत, शाळांत आणि काही घरांतही आता प्रकाशतंतूची तार पोहोचली आहे. या तारेच्या टोकाशी भिंतीवर एक लहानसा संच बसविलेला असतो. लोक त्याला वायफायची पेटी म्हणतात, आणि बहुतेक ठिकाणी तिचा उपयोग मोबाइलवर इंटरनेट पाहण्यापुरताच होतो. याच संचाच्या पाठीमागे साध्या टेलिफोनची तार खोचण्याची एक जागा, म्हणजे फोनचा पोर्ट असतो. अनेक ठिकाणी तो रिकामाच राहतो. त्यात साधा टेलिफोन जोडून इंटरनेटच्या मार्गाने बोलता येते. ही जोडणी कशी करावी, आणि ऐन गरजेच्या वेळी ती बंद पडू नये म्हणून कोणती तजवीज करावी, याची माहिती येथे दिली आहे.

या माहितीची निकड ध्यानात यावी म्हणून एक उदाहरण पुरे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली आणि लेंडी नदीच्या परिसरातील हसनाळ, रावणगाव इत्यादी गावांना पाण्याने वेढा घातला. अशा प्रसंगी होडी आणि दोर येण्यापूर्वी गावाबाहेर निरोप जावा लागतो. मोबाइलचे मनोरे बॅटरीवर काही तासच चालतात. अशा वेळी गावात निरोपाचे दुसरे साधन चालू स्थितीत असणे हिताचे असते.

जुनी तार आणि नवा तंतू

पूर्वीच्या टेलिफोनला तांब्याच्या दोन तारा असत. दूरध्वनी केंद्रातील मोठ्या बॅटऱ्यांमधून ४८ व्होल्ट दाबाचा प्रवाह त्या तारांवाटे थेट घरापर्यंत येई. त्यामुळे गावातील वीज गेली तरी टेलिफोन चालू राही. ग्राहकाला विजेची काळजी करावी लागत नसे.

प्रकाशतंतू हा काचेचा असतो. त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. म्हणून टेलिफोनला लागणारा प्रवाह व घंटा वाजविण्याचा दाब गावातील संचालाच निर्माण करावा लागतो. संचाची वीज गेली की टेलिफोन मुका होतो. बाहेरून पाहता टेलिफोन तोच, क्रमांक लावण्याची रीतही बहुतांशी तीच. परंतु विजेची जबाबदारी केंद्राकडून ग्राहकाकडे आली आहे. नव्या पद्धतीतील मुख्य फरक हाच होय.

आवाज कसा जातो

अडत बाजारात सोयाबीन पाठविताना शेतकरी धान्य पोत्यांत भरतो, प्रत्येक पोत्यावर खूण करतो आणि वाहनाने रवाना करतो. इंटरनेटवरील दूरध्वनीचे कामही असेच चालते. संच बोलणाऱ्याच्या आवाजाचे अंकांत रूपांतर करतो, त्याची लहान लहान पुडकी बांधतो, प्रत्येकावर पत्ता व अनुक्रम घालतो आणि ती पाठवितो. सर्वसाधारण पद्धतीत एका सेकंदात अशी ५० पुडकी निघतात. पलीकडचा संच ती क्रमाने उलगडून पुन्हा आवाज तयार करतो.

आवाजासाठी सेकंदाला ६४ किलोबिट आणि पुडक्यांवरील पत्त्यांसाठी आणखी काही, अशी एकूण सुमारे ८० ते ९० किलोबिटची वाट प्रत्येक दिशेस लागते. प्रकाशतंतूच्या मानाने ही मागणी फार थोडी आहे. मात्र पुडकी वेळेवर पोहोचली पाहिजेत. एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकास पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागल्यास संभाषण सुखाने होते. विलंब त्याहून बराच वाढला की दोघे एकाच वेळी बोलू लागतात. म्हणून त्याच जोडणीवर कोणी चित्रपट उतरवून घेत असल्यास आवाज तुटू शकतो. आवाजास अग्रक्रम देण्याची सोय बहुतेक संचांत असते. ती चालू आहे काय, हे सेवा देणाऱ्या कंपनीस विचारून घ्यावे.

भारतात संगणकावरून संगणकावर बोलण्यास १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली. इंटरनेटवरून सर्वसाधारण दूरध्वनी व मोबाइल क्रमांकांशी बोलण्याची मोकळीक परवानाधारक कंपन्यांना २०१८ मध्ये देण्यात आली. म्हणून ही सेवा परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावी. स्वस्त दराचे आमिष दाखवून कोणी निनावी खाते देऊ केल्यास ते घेऊ नये.

जोडणीची रीत

१. प्रथम संचावर फोनचा पोर्ट आहे याची खात्री करावी. त्याच्याजवळ टेलिफोनचे चित्र किंवा 'टेल' अशी इंग्रजी अक्षरे असतात. त्याच्या शेजारचे रुंद पोर्ट संगणकाच्या तारेसाठी असतात. टेलिफोनची लहान पिन त्या रुंद पोर्टमध्येही शिरते, पण तेथे फोन चालत नाही, आणि पोर्टच्या पट्ट्या वाकण्याचा संभव असतो.

२. कंपनीकडे दूरध्वनी सेवेची मागणी नोंदवावी. केवळ तार खोचल्याने फोन सुरू होत नाही. प्रत्येक क्रमांकासाठी संचामध्ये एक खाते भरावे लागते. त्यात मध्यवर्ती यंत्राचा पत्ता, वापरणाऱ्याचे नाव व परवलीचा शब्द या मुख्य बाबी असतात. प्रकाशतंतूची सेवा देणारी कंपनी बहुधा हे खाते स्वतःच भरून देते. निराळ्या कंपनीचे खाते असल्यास संचाच्या पाठीवरील चिठ्ठीवर दिलेला पत्ता संगणकावर उघडून दूरध्वनीच्या पानावर ही माहिती अक्षरशः जशीच्या तशी भरावी. एका अक्षराच्या चुकीनेही नोंदणी होत नाही.

३. इमारतीत जुन्या टेलिफोनची तारजोडणी असेल आणि तीच वापरावयाची असेल, तर बाहेरून येणारी तांब्याची जुनी तार प्रथम पूर्णपणे सोडवावी. नवा संच स्वतःचा प्रवाह तारेत सोडतो. जुन्या तारेतील प्रवाह त्यास येऊन मिळाल्यास संच जळू शकतो. ही चूक सहज होते व महागात पडते.

४. बटणांचा साधा टेलिफोन घ्यावा. त्यावर 'टोन' व 'पल्स' असा खटका असल्यास तो 'टोन'वर ठेवावा. चकती फिरवून क्रमांक लावण्याचे जुने टेलिफोन पुष्कळशा नव्या संचांना समजत नाहीत. एका पोर्टवर एक किंवा फार तर दोन टेलिफोन जोडावेत. अधिक जोडल्यास घंटा क्षीण वाजते किंवा वाजतच नाही.

५. संच सुरू करून दोन-तीन मिनिटे थांबावे. फोनचा दिवा लागल्यावर टेलिफोन कानाशी धरून नादस्वर ऐकावा. नंतर एक फोन बाहेर लावावा, एक फोन बाहेरून आत मागवावा आणि दोन्ही वेळा किमान दोन मिनिटे बोलून पाहावे. १५ जानेवारी २०२१ पासून स्थिर दूरध्वनीवरून मोबाइलला फोन लावताना क्रमांकाआधी शून्य लावण्याचा नियम लागू झाला आहे, हे ध्यानात ठेवावे. ११२ किंवा १०८ यांसारख्या तातडीच्या क्रमांकांवर केवळ चाचणीसाठी फोन करू नये.

विजेची तजवीज

संचासाठी बॅटरीची सोय केल्याशिवाय जोडणी पूर्ण झाली असे समजू नये. किती बॅटरी लागेल हे ठरविणे कठीण नाही. संचाच्या चिठ्ठीवर १२ व्होल्ट व १ अँपिअर असे लिहिले असल्यास त्याला जास्तीत जास्त १२ वॅट वीज लागते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ८४ वॅट-तास वीज साठते. ८४ ला १२ ने भागल्यास ७ तास येतात. परंतु शिशाची बॅटरी पूर्ण रिकामी केल्यास लवकर खराब होते. म्हणून तिचा दोन-तृतीयांश भागच हिशेबात धरावा, म्हणजे साडेचार तासांच्या सुमारास भरतात. रात्रभर सोय हवी असल्यास २० अँपिअर-तासाची बॅटरी घ्यावी. तिच्यावर याच हिशेबाने १३ तास काम चालते.

बॅटरी थेट संचाला जोडू नये. चार्ज होताना तिचा दाब १२ व्होल्टच्या वर जातो. राउटरसाठी मिळणारा लहान यूपीएस मध्ये घालावा. कार्यालयात इन्व्हर्टर असेल तर संचाचा प्लग त्याच्या जोडणीवर आहे, पंखे व संगणक यांनी बॅटरी आधीच संपविली नाही, हे पाहावे. बिनतारी हँडसेटचा फोन असल्यास त्याच्या बैठकीलाही विजेची गरज असते. म्हणून तारेचा एक साधा टेलिफोन जवळ ठेवणे श्रेयस्कर होय.

ज्या पद्धतीत एकाच तंतूतील प्रकाश वाटून अनेक ठिकाणी नेला जातो, त्या पद्धतीत मधल्या वाटपाच्या डब्यांना वीज लागत नाही. वीज लागते ती तंतूच्या दोन टोकांना. पलीकडचे टोक कंपनीचे असते. त्यावर ग्रामस्थांचा इलाज नाही. आपले टोक मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.

बिघाडाची कारणे व उपाय

निरनिराळ्या कारखान्यांच्या संचांवरील दिव्यांत थोडाफार फरक असतो. तरीही पुढील गोष्टी सर्वत्र उपयोगी पडतील.

सर्व दिवे विझलेले असल्यास प्लग, यूपीएस व बॅटरी तपासावी.

तांबडा दिवा लागल्यास प्रकाश येत नाही असे समजावे. तंतू कोठे तुटला, उंदराने कुरतडला किंवा फार वाकला आहे काय, ते पाहावे. तंतूचे वेटोळे चहाच्या बशीपेक्षा लहान करू नये. तुटलेल्या टोकात डोळा लावून पाहू नये. त्यातील प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यास अपाय करू शकतो.

इंटरनेट चालते, पण फोनचा दिवा लागत नाही, अशा वेळी खात्याची नोंदणी झालेली नसते. संच एकदा बंद करून सुरू करावा. तरीही दिवा न लागल्यास कंपनीस कळवावे.

आवाज एकाच बाजूस ऐकू येत असल्यास कंपनीच्या संचामागे दुसरा राउटर लावून त्यावर फोन जोडला आहे काय, ते पाहावे. फोन पहिल्याच संचावर घेतल्यास दोष बहुधा दूर होतो.

खबरदारी

मराठवाड्यात वळवाच्या व परतीच्या पावसात विजा फार पडतात. काचतंतूतून वीज येत नसली, तरी महावितरणच्या तारेतून, तसेच तंतूला आधार म्हणून लोखंडी तार असल्यास तिच्यातून ती येऊ शकते. गडगडाट सुरू होताच संचाचा प्लग भिंतीतून काढावा व संच बॅटरीवर चालू द्यावा. विजा चमकत असता तारेचा टेलिफोन कानाशी धरू नये.

संचाचा मूळ परवलीचा शब्द बदलावा. तो शब्द अनोळखी माणसाच्या हाती गेल्यास आपल्या खात्यावरून परदेशी फोन होऊन मोठे देयक येऊ शकते. परदेशी फोनची गरज नसल्यास ती सोय बंद करून घ्यावी.

शेतात पाइपलाइन किंवा गावात नाली खणण्यापूर्वी तंतू कोठून गेला आहे याची ग्रामपंचायतीत चौकशी करावी. जेसीबीच्या एका घावाने अनेक गावांचे बोलणे बंद पडू शकते.

ग्रामपंचायतीने काय करावे

टेलिफोन कुलूपबंद खोलीत ठेवल्यास रात्री त्याचा उपयोग नाही. किल्ली कोणाकडे असते, हे गावातील चार जणांना तरी ठाऊक असावे. टेलिफोनजवळ मोठ्या अक्षरांत पुढील क्रमांक लावावेत : तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. पीक-सल्ल्यासाठी २१ जानेवारी २००४ रोजी सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांकही लिहावा. त्याखाली तहसील कार्यालय, पोलीस ठाणे, पशुवैद्यकीय दवाखाना आणि वरच्या व खालच्या अंगाच्या गावांचे क्रमांक असावेत. नदीकाठच्या गावांना वरच्या गावाचा फोन फार मोलाचा असतो. मदत मागताना गाव, तालुका व जवळची ठळक खूण प्रथम सांगावी.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुख्य खटका बंद करून, केवळ बॅटरीवर एक फोन लावावा व वहीत तारीख लिहावी. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी संच बॅटरीवर किती तास टिकतो याची पूर्ण परीक्षा घ्यावी. मागील वर्षीपेक्षा तास निम्मे झाले असतील तर बॅटरी बदलावी.

पेरणीपूर्वी शेतकरी पाभर व बियाणे तपासून पाहतो, कारण वाफसा आल्यावर दुरुस्तीस सवड नसते. टेलिफोनचेही तसेच आहे. पूर आलेल्या रात्री बॅटरी शोधण्यास वेळ मिळत नाही. सवडीच्या दिवसांत घेतलेली अर्ध्या तासाची परीक्षा त्या रात्री गावाच्या कामी येईल.