तारीख चुकली, दावा गेला?

मैत्रिणींनो, कोर्टात हरायला आपली बाजू खोटीच असावी लागते असं नाही. कागद पक्के, साक्षीदार तयार, तरी ठरल्या वेळी आपल्याकडून पुढचं पाऊल पडलं नाही, तर दावा निघून जातो. खरं कोण, खोटं कोण, हे त्यात पाहिलंच जात नाही. या पाठात तेच समजून घेऊ.

समजा, एका ताईंनी व्यापाऱ्याला सोयाबीन घातलं. 60,000 रुपये अडकले. त्यांनी दिवाणी दावा लावला. ताई झाल्या वादी, व्यापारी प्रतिवादी. वकीलपत्रावर सही केली आणि "आता वकीलसाहेब बघतील" म्हणून ताई कामाला लागल्या. पण दावा तीन ठिकाणी अडकू शकतो.

1. समन्स परत आलं तर
व्यापारी पत्त्यावर सापडला नाही आणि समन्स न बजावता परत आलं, तर 7 दिवसांत नवीन समन्ससाठी अर्ज करावा लागतो. नाही केला आणि योग्य कारणही दाखवलं नाही, तर दावा काढून टाकला जातो. म्हणून पत्ता नीट द्या. पत्ता बदलल्याचं कळलं तर वकिलांना लगेच कळवा.

2. तारखेला गैरहजर राहिलं तर
आपण किंवा आपले वकील, कोणीतरी हजर हवंच. दोन्ही बाजू गैरहजर असतील आणि दावा निघाला, तर मुदत शिल्लक असेपर्यंत नवा दावा लावता येतो. पण व्यापारी हजर, त्याला दावा मान्य नाही, आणि आपल्याकडून कोणीच नाही, अशा वेळी दावा निघाला तर त्याच कारणासाठी नवा दावा लावता येत नाही.

3. प्रतिवादी वारला तर
त्याचे वारस 90 दिवसांत दाव्यात लावावे लागतात, नाहीतर त्याच्याविरुद्धचा दावा आपोआप संपतो. तो पुन्हा उभा करायला पुढे 60 दिवस मिळतात. गावातली मयत आपल्याला आधी कळते, वकिलांना नाही. म्हणून तेराव्याची वाट न पाहता निरोप द्या.

दावा निघालाच, तर?
खचू नका. गैरहजेरीत निघालेला दावा पुन्हा मूळ नंबरावर घ्यावा, असा अर्ज त्याच कोर्टात करता येतो. मुदत 30 दिवस, आणि ती दावा निघाल्याच्या तारखेपासून मोजतात. आपल्याला कळलं त्या दिवसापासून नाही! उशीर झाला तर सोबत विलंब माफीचा अर्जही द्यावा लागतो. दोन्हींसाठी कारण खरं हवं आणि पुरावा हवा. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जपून ठेवा. नुसतं "माहीत नव्हतं" म्हणून भागत नाही.

आपण काय करायचं?
• दाव्याचा नंबर आणि 16 अक्षर-अंकी सीएनआर नंबर वहीत लिहून ठेवा. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲपवर तो टाकला की पुढची तारीख दिसते. घरातल्या शिकत्या मुलीला बघायला सांगा.
• प्रत्येक तारखेनंतर वकिलांना दोन प्रश्न विचारा: आज काय झालं? पुढच्या तारखेला मी यायचं का? साक्ष असेल तेव्हा स्वतः जावंच लागतं.
• वकिलाची फी परवडत नाही? 1987 च्या विधी सेवा कायद्याने महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा.

बैठकीत चर्चेसाठी
आपल्या गटात कोणाकोणाचा दावा कोर्टात आहे? पुढची तारीख किती जणींना पाठ आहे? हप्त्याच्या तारखेसारखीच ही तारीखही गटाच्या वहीत लिहून ठेवू. एकीला जमत नसेल, तर दुसरी आठवण करून देईल.