पहिली ओळ आपली, दुसरी त्यांची

बीड जिल्ह्यात गिटार आणि ड्रमसेट घेऊन कॉलेजच्या गॅदरिंगपासून गावच्या जत्रेपर्यंत गात फिरताना जे उमगत गेलं, ते नव्यानं बँड काढणाऱ्या पोरांसाठी सांगतो.

१. इथल्या लोकांना साथ द्यायला शिकवावं लागत नाही. सप्ताहात कीर्तनकारानं धृपद म्हटलं की मागचे टाळकरी ते उचलतात आणि पाठोपाठ सगळा मंडप उचलतो. संबळ वाजला की 'उदो उदो' आपोआप येतं. शाहिरामागे झील धरणारे असतातच. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर, लाइव्ह एडच्या कार्यक्रमात, क्वीनच्या फ्रेडी मर्क्युरीनं शब्दांशिवाय नुसते सूर सोडले आणि सुमारे ७२ हजार लोकांनी ते जसेच्या तसे परत दिले. ते मी पुन्हा पुन्हा पाहतो आणि दर वेळी मला नारळी सप्ताहाचा मंडप आठवतो. म्हणून गाणं बांधतानाच लोकांची ओळ ठरवून ठेवा. ती चार-पाच शब्दांची असावी आणि खालच्या पट्टीत असावी. तुमच्या गायकाला जमतो तो वरचा सूर पटांगणाला जमत नाही. आणि ती ओळ आली की वाद्यं थांबवा. गिटार वाजत राहिली तर लोकांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. तो ऐकू आला की मग ते तुमचं ऐकून घ्यायला तयार होतात.

२. टाळ्यांच्या मागे धावू नका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ८५ मीटर मागे उभ्या माणसाला तुमचा ठेका पाव सेकंद उशिरा पोहोचतो आणि त्याची टाळी परत यायला आणखी पाव सेकंद लागतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत अर्धा सेकंद म्हणजे अख्खी एक मात्रा. ड्रमर टाळ्यांकडे कान देऊन वाजवू लागला की लय मंदावत जाते. त्याच्याजवळ चांगला मॉनिटर हवा आणि मैदान मोठं असेल तर टाळ्यांचं गाणं संथ लयीचंच निवडावं.

३. पहिल्या रांगेतले सोफे पाहुण्यांचे. ती मंडळी हलणार नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मागे उभी असलेली पोरं, बाजूला बसलेल्या बाया, शेजारच्या गच्चीवरचं कुटुंब यांच्याकडे पाहून गा. सत्कार मात्र आधी उरकून घ्या. शाल-नारळासाठी मध्येच थांबलेला कार्यक्रम पुन्हा उभा राहायला दोन गाणी खातो.

४. तारीख ठरवताना साखर कारखान्यांचा हंगाम विचारा. हे बाहेरच्या बँडला कुणी सांगत नाही. दसरा-दिवाळीनंतर धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतली गावंच्या गावं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिवाळ्यात अशा गावात समोर बसतात ती म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं. त्यांच्यापुढे ड्रम धडधडवत बसू नये. एक गिटार, एक ढोलकी आणि ओळखीची चाल पुरते. पोरांना पुढे बोलवावं, त्यांनाच ओळ द्यावी. चैत्राच्या जत्रांना माणसं परतलेली असतात. सहा-सहा महिने उसाच्या फडात काढून आलेल्या या लोकांना नाचायचं असतं, ओरडायचं असतं. तेव्हा हात आखडता घेऊ नका. बँडनं आपला सगळा जोर कुणासाठी राखून ठेवावा असं मला विचाराल, तर या माणसांसाठी.

५. रात्री दहाला भोंगे बंद. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. वर्षातल्या मोजक्या दिवसांनाच बारापर्यंत सवलत मिळते. मुंबईत १९८६ साली सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉक या संगीत महोत्सवानं धोबी तलावच्या रंगभवनात पिढ्या घडवल्या. ते रंगभवनसुद्धा शेजारच्या रुग्णालयांमुळे शांतता क्षेत्रात आलं आणि तिथला रॉक थांबला. म्हणून सगळ्यांनी मिळून म्हणायचं गाणं शेवटासाठी राखू नका, सव्वानऊलाच घ्या.

६. गावात हलगीवाले असतील तर दुपारीच त्यांना जाऊन भेटा. आमच्या कार्यक्रमात हलगी मंचावर आली की गर्दी पुढे सरकते, कारण वाजवणारा हात तिच्या ओळखीचा असतो. त्यांना कोपऱ्यात उभं करू नका. स्वतंत्र माईक द्या, त्यांचं नाव पुकारा, मानधन आपल्याइतकंच ठरवा. ठेका त्यांना धरू द्या, ड्रमरनं मागून यावं. हलगी शेकावी लागते, कातडं तापलं की ती खणखणीत बोलते. त्यासाठी मंचामागे शेकोटीची जागा आधीच पाहून ठेवा, वायरींपासून दूर आणि मंडपाच्या कापडापासून त्याहून दूर.