पोफळीची सुपारी : बागेत आणि तोंडात

लग्न ठरले की आपण म्हणतो, "सुपारी फुटली." पाहुणा जेवून उठला की त्याच्यापुढे पानाचे तबक सरकवतो. फोंडा, सत्तरी, सांगे या भागांतल्या कुळागरांवर आणि श्रीवर्धनच्या वाड्यांवर पिढ्यान् पिढ्या घरे चालली आहेत. म्हणून सुपारीविषयी कडू बोलताना आम्हांलाही जड जाते. पण शेती आणि आरोग्य या दोन्ही गोष्टी याच पानावर येतात, तेव्हा एकीची बाजू सांगून दुसरीची झाकणे बरे नव्हे.

सुपारीचा अंमल कसा चढतो?

नवख्या माणसाने ओली सुपारी खाल्ली की त्याला घाम फुटतो, छातीत धडधडते, चक्कर येते. आपण हसतो आणि म्हणतो, "सुपारी लागली." हे हसण्यावारी नेऊ नये. सुपारीत अरेकोलिन नावाचे द्रव्य असते. ते मज्जातंतूंवर काम करते. त्यामुळे अंगात ऊब येते, तोंडाला पाणी सुटते, झोप उडते, काम करायला हुशारी वाटते. नांगर धरणाऱ्याला, रात्रपाळी करणाऱ्याला आणि मोटार हाकणाऱ्याला ती म्हणूनच आवडते. पण सवय जडली की सुपारीवाचून डोके दुखते, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. मग दिवसाची एक खांड दहांवर जाते.

तोंडात काय होते?

पुष्कळांची समजूत अशी की, दोष तंबाखूचा, सुपारी निरुपद्रवी. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू घातलेले पान कर्करोगकारक ठरवले, तेव्हा ही समजूत खरीही वाटली असेल. परंतु त्याच संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नुसती सुपारीसुद्धा माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातली. तंबाखू न घातलेले पानही त्यातून सुटले नाही.

कर्करोगाच्या आधी बहुधा दुसरा एक आजार येतो. सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालाच्या आतल्या मऊ त्वचेखाली चिवट तंतू साचत जातात. प्रथम तिखट झोंबू लागते. मग गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ होते. शेवटी तोंड उघडेनासे होते, घास आत जात नाही. एकदा ताठलेला गाल पूर्ववत होत नाही. औषधाने व व्यायामाने थोडा आराम पडतो, इतकेच. अशा रोग्यांपैकी काहींना पुढे तोंडाचा कर्करोग होतो. गरोदर बाईने सुपारी खाल्ली तर मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोका असतो, हेही घरातल्या सासवांनी ध्यानात ठेवावे.

घरी करण्याजोगी एक परीक्षा सांगतो. आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घालून पाहा. ती जात नसतील, किंवा तोंडात पंधरा दिवसांत न भरलेली जखम वा पांढरा-लाल चट्टा असेल, तर दातांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका.

कायदा काय म्हणतो?

पोफळ लावणे, सुपारी विकणे, खाणे, यांना देशाच्या कायद्याने मनाई नाही. मात्र सुपारीच्या पुडीवर ती आरोग्यास अपायकारक असल्याची सूचना छापावी लागते. गुटख्याची गोष्ट वेगळी. गोव्याने २००५ मध्येच कायदा करून त्यावर बंदी घातली. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी खाद्यपदार्थात तंबाखू घालणे निषिद्ध केले, आणि त्या आधाराने २०१२ मध्ये प्रथम मध्य प्रदेशाने व नंतर महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी गुटखा बंद केला. तेव्हा पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत अशी युक्ती निघाली.

२००३ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकता येत नाही, शाळेपासून १०० यार्डांच्या आत तर कोणालाच नाही. पण साधी सुपारी या कायद्यात येत नाही. गोड सुपारीची रंगीत पुडी पोराच्या हाती सहज पडते. जी अट कायद्याने घातली नाही, ती घरातच घातली पाहिजे.

मग बागाईतदाराने काय करावे?

पोफळी तोडा असे आम्ही सांगणार नाही. रोपाला फळ धरायला पाच ते सात वर्षे लागतात. ज्याचे घर त्यावर चालते त्याला असा उपदेश करणे सोपे असते. पण सगळा भार एकाच झाडावर ठेवू नये. पोफळीवर मिरीचा वेल चढवा. सावलीत केळी, जायफळ, वेलदोडा लावा. जुनी पोफळ मेली तर तिच्या जागी पुन्हा पोफळच लावायची का, याचा घरात बसून विचार करा. कोळेरोगासाठी पाऊस लागण्यापूर्वी एकदा आणि पुढे चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना हे प्रमाण. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओतावे, उलट नव्हे. गळलेली फळे गोळा करून जाळावीत.

आणि घरात? तबक पुढे करायचेच असेल तर त्यात बडीशेप, लवंग, वेलची ठेवा. पाहुण्याचा मान त्याने कमी होत नाही. ज्याला सवय आहे त्याने आज एक खांड कमी करावी, उद्या आणखी एक. आडकित्ता भिंतीवर टांगलेला शोभतो; नातवाच्या हाती मात्र तो देऊ नये.