शेवंतीचा अंधार

प्रश्न : पॉलिहाउसमधील शेवंतीच्या कळ्यांना रंग चढू लागला आहे, काळे आच्छादन चालू ठेवावे काय?
— एक बागायतदार, वडगाव रासाई

उत्तर : शेवंतीस दीर्घ रात्रीची अपेक्षा असल्याने, भीमाकाठी जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास जातो तेव्हा, सायंकाळी 6 पासून सकाळी 7 पर्यंत काळ्या कापडाचा बंदोबस्त कळ्यांना रंग दिसेपर्यंत अगत्याचा असतो; त्यानंतर मात्र ती तजवीज बंदच करावी, कारण आत कोंडणारी उष्णता पाकळ्यांचा रंग फिका करते. डिसेंबरात दिवसच 11 तासांचा, तेव्हा हा खटाटोप नको. रंग न दिसलेल्या वाफ्यांवर रस्त्याच्या दिव्याचा झोत रोज पडत असेल, तर कळ्या रेंगाळतील. कापडाची छिद्रे, जी बाहेरून सहसा दिसत नाहीत, भर दुपारी आच्छादन ओढून आत उभे राहून शोधावीत.