घटक ५ : पाहिलेले आणि ऐकलेले – मार्गदर्शित सहल व प्रवासवर्णन

५.१ प्रास्ताविक



मागील घटकात आपण मराठी प्रवासवर्णनाची वाटचाल पाहिली. तेथे एक प्रश्न आपण बाजूला ठेवला होता : प्रवासवर्णनकार जे लिहितो, त्यातले त्याने स्वतः पाहिलेले किती आणि त्याला कोणीतरी सांगितलेले किती? गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ (प्रकाशन १९०७) आठवा. झाशीचा वेढा भटजींनी शहरात राहून अनुभवला. राणीच्या अखेरीची हकीगत मात्र त्यांनी ऐकलेली आहे. दोन्ही प्रसंग ते सारख्याच ओघाने सांगतात, आणि वाचक दोन्ही सारख्याच विश्वासाने वाचतो. अभ्यासकाला तसे वाचून चालत नाही.

हा भेद समजून घेण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरहून सकाळी निघणाऱ्या आणि संध्याकाळी परतणाऱ्या एखाद्या सहलीच्या बसमध्ये बसलो तरी पुरे. दौलताबाद, वेरूळ, पाणचक्की आणि बीबी का मकबरा हा तिचा बहुधा ठरलेला क्रम. आपल्याबरोबर तीस-चाळीस अनोळखी माणसे असतात आणि पुढे एक मार्गदर्शक चालत असतो. व्यवहारात त्याला सगळे ‘गाइड’च म्हणतात, म्हणून आपणही तो शब्द निःसंकोच वापरू.

५.२ गाइडचे कथन

गाइडला कमी लेखून या अभ्यासाची सुरुवात करू नका. तो मौखिक परंपरेतला कथनकार आहे. श्रोते कंटाळले की कथा कोठे आवरायची, आख्यान कोठे रंगवायचे आणि विराम कोठे घ्यायचा, हे कीर्तनकाराइतकेच त्यालाही ठाऊक असते. दौलताबादच्या किल्ल्यातील ‘अंधारी’ या भुयारी वाटेत याचा प्रत्यय येतो. वळणावळणाच्या त्या काळोखात वटवाघळांचा दर्प येत असतो. गाइड हातातला दिवा क्षणभर विझवतो आणि आत शिरलेल्या शत्रूची गत काय होत असे ते सांगू लागतो. त्या क्षणी शेजारच्याचा हात नकळत घट्ट धरला जातो. तपशील खरा की रचलेला हा विचार तेव्हा कोणाच्याच मनात येत नाही. लिहायला बसल्यावर मात्र तो आला पाहिजे.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. रोमच्या कलोसियममध्ये उंचावलेल्या छत्रीमागून चालणाऱ्या पर्यटकांनाही, अंगठा खाली झाला की हरलेल्या योद्ध्याचे मरण ठरे, असे सांगितले जाते. प्राचीन लॅटिन लेखनात अंगठा ‘वळवल्या’चा उल्लेख येतो, पण तो कोणत्या दिशेने हे त्यावरून निश्चित होत नाही. खाली वळलेला अंगठा जगभर रुजला तो मुख्यतः १८७२ मधील एका फ्रेंच चित्रामुळे.

५.३ कैलास लेणे : एका कथेचे तीन थर

वेरूळ येथे एकूण चौतीस लेणी क्रमांकित आहेत. त्यांतील सोळाव्या क्रमांकाच्या कैलास लेण्यासमोर बहुतेक गाइड एक कथा सांगतात. राजा आजारी पडला. तो बरा व्हावा म्हणून राणीने शिवाला नवस केला की, मंदिर बांधीन आणि त्याचा कळस पाहीपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. मंदिराला तर कित्येक वर्षे लागणार! तेव्हा एका चतुर कारागिराने डोंगर माथ्यापासून कोरायला घेतला. कळस आधी झाला आणि राणीचा उपवास सुटला. श्रोते हसतात, माना डोलावतात, छायाचित्रे काढतात.

गाइडने ही कथा रचली असे तुम्हाला वाटेल. मराठीच्या विद्यार्थ्याने येथे थबकायला हवे, कारण ही कथा कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथात आहे. तेथे राणीचे नाव माणिकावती आणि कारागिराचे नाव कोकस, तो पैठणचा. मंदिराला माणिकेश्वर हे नाव तिच्यावरूनच पडल्याचे ही परंपरा सांगते. म्हणजे गाइड जे बोलतो ते निराधार नाही. ते शतकानुशतके चालत आलेले मराठी आख्यान आहे आणि आपण ते कोठून घेतले हे बहुधा त्यालाही ठाऊक नसते.

तरीही ते आख्यानच आहे. त्याहून जुना पुरावा बडोदा येथे मिळालेल्या ताम्रपटाचा. राष्ट्रकूट घराण्यातील कर्क सुवर्णवर्षाचा हा ताम्रपट इ. स. ८१२-१३ चा आहे. एलापूर येथील अद्भुत मंदिर कृष्णराजाने करविले, असे तो सांगतो. त्यात राणी नाही, नवस नाही, उपवास नाही. आहे तो एक वेगळाच, मला अधिक हृद्य वाटणारा तपशील : मंदिर पूर्ण झाल्यावर ते घडविणारा शिल्पी स्वतःच चकित झाला, हे आपल्या हातून कसे झाले आणि पुन्हा होईल काय, असे त्याला वाटले.

आणि तिसरा पुरावा तुमच्या डोळ्यांपुढे उभा असतो. मंदिराभोवतीच्या खोल चरातून चालताना मागच्या कातळभिंतीवर नजर टाका. छिन्नीच्या खुणा वरपासून खालपर्यंत उतरत आलेल्या दिसतील. दगड वरून खाली कोरला गेला, हे गाइडचे विधान पाहून पटते. का कोरला गेला, याचे त्याने दिलेले कारण मात्र पाहून पटणारे नाही. एकाच वाक्यातील ‘कसे’ आणि ‘का’ यांना वेगवेगळा आधार असतो, हे ओळखण्याचा सराव येथे होतो.

याच परिसरातील अकराव्या लेण्याचे उदाहरण छोटे आहे, पण मार्मिक आहे. त्याचे रूढ नाव ‘दोन ताल’, म्हणजे दुमजली. प्रत्यक्षात मजले तीन आहेत. तळमजला पूर्वी मातीखाली गाडला गेला होता. एकोणिसाव्या शतकात तो मोकळा झाला, तरी नाव जुनेच राहिले. सहलीतली कित्येक माणसे तीन मजल्यांसमोर उभी राहून वहीत ‘दुमजली लेणे’ असे लिहून घेतात.

५.४ शहरात परतल्यावर

बीबी का मकबऱ्यापाशी ‘गरिबांचा ताजमहाल’ हे शब्द ऐकू येतातच. हे शब्द एकदा कानावर पडले की डोळे फक्त तुलना करू लागतात. ते बाजूला ठेवून पाहिले तर इमारत स्वतःची हकीगत सांगते. खालच्या पट्ट्यापर्यंत संगमरवर, त्यावर घुमटाच्या पायापर्यंत काळा बेसाल्ट आणि घुमट पुन्हा संगमरवरी. मधल्या बेसाल्टवर चुन्याचा इतका तलम गिलावा आहे की दुरून सारे एकजीव दिसते. ही वास्तू औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची कबर असून तिचे श्रेय परंपरेने तिचा मुलगा आझमशहा याला दिले जाते. अताउल्ला आणि हंसपतराय ही स्थापत्यकारांची नावे प्रवेशद्वारावरील लेखात आली आहेत. द्वार ओलांडण्याची घाई इतकी असते की ती वाचायला फारसे कोणी थांबत नाही.

पाणचक्कीवर थोडे अधिक थांबावे, असा माझा आग्रह आहे. डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले पाणी उंचावरून हौदात कोसळते, आणि याच पाण्याच्या बळावर पूर्वी दर्ग्यातील फकिरांसाठी व यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाई. पाणी पाहताना मलिक अंबराची आठवण यायला हवी. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या आणि निजामशाहीचा वजीर झालेल्या या पुरुषाने १६१० मध्ये खडकी येथे हे शहर वसविले आणि त्याला नहरींचे पाणी दिले. त्याने उभारलेल्या भडकल दरवाजाजवळून बस जाते तेव्हा गाइड बहुधा पुढच्या थांब्याची वेळ सांगत असतो. गाइड काय सांगतो इतकेच नव्हे, तर वेळेअभावी काय गाळतो, हेही तुमच्या टिपणात उतरले पाहिजे.

५.५ स्वाध्याय

तुमच्या जिल्ह्यातील एखादे ऐतिहासिक स्थळ मार्गदर्शकासोबत पाहा. मार्गदर्शक नसेल तर गावातील जाणत्या व्यक्तीबरोबर जा. वहीच्या डाव्या पानावर ऐकलेले आणि उजव्या पानावर पाहिलेले टिपा. त्याच दिवशी घरी बसून सुमारे ३०० शब्दांचे वर्णन लिहा. ‘असे सांगतात’, ‘म्हणतात’, ‘मला दिसले’ या शब्दांचा उपयोग कोठे केला व कोठे टाळला, ते अधोरेखित करा. ज्यांनी तुम्हाला कथा सांगितली, त्यांना हे वर्णन वाचून दाखवा आणि ते कोठे हरकत घेतात, तेही शेवटी नोंदवा.