किती जणांनी शहर बदललं? वर्षवार नोंदींतून स्थलांतर मोजताना

समजा, आपल्याकडे तीन माणसांचा तक्ता आहे. प्रत्येकाची एक ओळ आणि २०१९ ते २०२२ या चार वर्षांचे चार रकाने:

अ: पुणे, पुणे, डॅलस, डॅलस
ब: डॅलस, शिकागो, (नोंद नाही), डॅलस
क: शिकागो, शिकागो, शिकागो, शिकागो

यात शहर किती वेळा बदललं?

असा आडवा तक्ता डोळ्यांना सोयीचा असतो, पण संगणकाला उभा तक्ता सोपा जातो. म्हणजे एका ओळीत एक माणूस, एक वर्ष आणि एक शहर. पायथनमधल्या पँडाजमध्ये हे काम ‘मेल्ट’ करतं. आपल्या ३ ओळींच्या १२ ओळी होतात. त्या आधी माणसाप्रमाणे आणि मग वर्षाप्रमाणे क्रमाने लावा. नंतर ‘शिफ्ट’ वापरून प्रत्येक ओळीसमोर आदल्या ओळीतलं शहर आणा. दोन शहरं वेगळी असतील, तर ते एक स्थलांतर.

‘शिफ्ट’च्या आधी ‘ग्रुपबाय’ने माणसं वेगळी करायला विसरू नका. नाहीतर ब चं शेवटचं डॅलस आणि क चं पहिलं शिकागो शेजारी येतात, आणि कोणीच न केलेला प्रवास मोजला जातो.

एवढं करूनही उत्तर येतं ७! कारण पँडाजच्या लेखी रिकामी नोंद कशाच्याच बरोबरीची नसते, अगदी दुसऱ्या रिकाम्या नोंदीच्याही नाही. प्रत्येकाच्या पहिल्या वर्षाआधी काहीच नसतं, म्हणून तिथे तीन खोटी स्थलांतरं होतात. ब च्या २०२१ च्या रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन.

‘दोन्ही वर्षांची शहरं माहीत असतील तरच मोजा’ अशी अट घातली, की उत्तर २ येतं: पुणे ते डॅलस, आणि डॅलस ते शिकागो. पण ब परत डॅलसला आला, हे तर दिसतंच आहे. रिकाम्या ओळी आधीच काढून टाकल्या, तर ते परतणंही धरलं जाऊन ३ येतात. मात्र तो २०२१ मध्ये परतला की २०२२ मध्ये, आणि मध्ये आणखी कुठे राहिला का, हे या नोंदी सांगू शकत नाहीत.

म्हणजे २ आणि ३ ही दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, प्रश्न मात्र वेगवेगळे आहेत. शिवाय तीन स्थलांतरं म्हणजे तीन स्थलांतरित नव्हेत. इथे शहर बदललेली माणसं दोनच आहेत.

मोठ्या सर्वेक्षणांतही हेच होतं. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे विचारतो, ‘एक वर्षापूर्वी कुठे राहत होता?’ भारताच्या २०११ च्या जनगणनेने विचारलं होतं, ‘याआधी कुठे राहत होता?’ वर्षाच्या आत जाऊन परत आलेला माणूस पहिल्या प्रश्नात दिसत नाही, दुसऱ्यात दिसू शकतो.

म्हणून स्थलांतराचा आकडा वाचताना, किंवा स्वतः काढताना, आधी विचारा: रिकाम्या जागांचं काय केलं, आणि मोजलं काय, माणसं की फेऱ्या? आकड्याशेजारी ते एका ओळीत लिहून ठेवा.