एक बहार सोड

चि. बाळास,


डाळिंबाच्या मृग बहारावर तेल्या आला, निम्मी फळं काळी पडून तडकली आणि तू बाग काढायला जेसीबी सांगून ठेवलास, असं तुझ्या आईकडून कळलं. आधी तो जेसीबी थांबव.

तेल्या जिवाणूचा रोग. पावसाच्या थेंबांबरोबर उडतो, छाटणीच्या कात्रीवरून या झाडाचा त्या झाडाला जातो. तो फळ घालवतो. झाड सहसा वाचतं. मर रोग लागला असता तर मीच म्हटलं असतं, झाड मुळासकट उपट आणि जाळ. तिथं धीर धरणं म्हणजे शेजारची झाडंही घालवणं. तुझी बाग अजून हिरवी आहे. फळं तोड, बाग नको.

तोडलेली फळं बांधावर टाकू नकोस, खड्ड्यात पूर. डागाळलेल्या फांद्या डागाच्या खाली दोन इंच कापून जाळ, प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक कर. मग एक टक्का बोर्डो मार: शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना. लोखंडी खिळा बुडवून बघ. तांबूस झाला तर चुना कमी पडलाय.

खरी परीक्षा पुढं आहे. थंडी सरताना सगळा गाव आंबे बहार धरेल. तुलाही मोह होईल. पण ती फळं भरतात तेव्हा नेमका वळीव आणि मृगाचा पाऊस. तू झाडांना विसावा दे, शेणखत घाल आणि पुढच्या वर्षी हस्त बहार धर. हस्ताला कळी कमी निघते, पावसामुळं झाडांना पाण्याचा ताणही नीट बसत नाही, हे मान्य. तरी फळ वाढतं कोरड्या हवेत. माल हाती यायला दीड वर्षाच्या वर जाईल. दर बहाराला झाड पिळणारे मी पुष्कळ पाहिलेत. बाग लवकर थकते आणि मग दोष रोगाला.

खर्चाचं विचारशील. रब्बीला मोकळ्या रानात ज्वारी पेर, म्हणजे घरचं धान्य आणि जनावरांचा कडबा निघेल. सोसायटीचं कर्ज थकायची वाट बघू नकोस. आत्ताच सचिवांना भेटून मुदतवाढीचं विचार. तोंड चुकवणाऱ्याला कुणी सवलत देत नाही. आणि काही झालं तरी खासगी सावकाराची पायरी चढू नकोस. अडलं तर आधी मला सांग.

तुझा,
तात्या